‘ग्रामपंचायतीला दरवर्षी कोट्यवधी येतात’ : एका संदेशाचा प्रतिवाद

‘आपल्या ग्रामपंचायतीला दरवर्षी कोट्यवधी रुपये येतात, सरपंच ते मर्जीप्रमाणे काढतो, दाखले देण्यापलीकडे तिथे वर्षभर काही काम होत नाही, तेव्हा घरपट्टी भरू नका, पुरावा हवा असेल तर ई-ग्रामस्वराज (पंचायतींच्या हिशेबाचे सरकारी संकेतस्थळ व ॲप) उघडून पाहा’ अशा आशयाचा संदेश महाराष्ट्रातील गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर वारंवार फिरतो. हिशेब मागण्याची त्यामागची इच्छा रास्त आहे. त्यातील विधाने मात्र एकेक करून तपासली तर टिकत नाहीत, आणि शेवटचा सल्ला तर गावाच्याच मुळावर येणारा आहे.

कोट्यवधींचे विधान आधी घेऊ, कारण बाकीचे सारे त्यावर उभे आहे. ग्रामपंचायतीच्या हाती दरवर्षी येणारा मोठा शासकीय निधी म्हणजे वित्त आयोगाचे अनुदान. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी महाराष्ट्रातील ग्रामीण स्थानिक संस्थांकरिता सुमारे २२,७१३ कोटी रुपयांची शिफारस केली. त्यातील ८० टक्के ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समित्यांना व जिल्हा परिषदांना, असे वाटप राज्यात ठरले. ग्रामपंचायतींचा वाटा अशा रीतीने वर्षाला साधारण ३,६०० कोटी होतो. २०११च्या जनगणनेतील ग्रामीण लोकसंख्या सुमारे ६ कोटी १६ लाख आहे. भागाकार केला की माणशी वर्षाला ६०० रुपयांहून थोडे कमीच येतात. दोन हजार वस्तीच्या गावाला म्हणजे बारा लाखांच्या आसपास, तेही सर्व हप्ते पूर्ण आले तर. कारण निवडून आलेली समिती नसेल किंवा लेखापरीक्षण झालेले हिशेब ऑनलाइन नसतील तर अनुदान अडकते. या हिशेबाने वर्षाला एक कोटी मिळण्यासाठी गावाची वस्ती सतरा हजारांच्या घरात असावी लागेल.

मग ॲपवर दिसणारा तो मोठा आकडा कोठून येतो? बहुतेक वेळा तो ग्रामपंचायत विकास आराखड्याचा असतो. आराखडा म्हणजे गावाने पुढील वर्षासाठी मांडलेली कामांची यादी व तिचा अंदाजित खर्च. त्यात इतर विभागांच्या योजनांतून होणे अपेक्षित असलेली कामेही धरलेली असतात. आराखड्याच्या बेरजेचे छायाचित्र काढून ‘इतके पैसे आले’ असे लिहिणे म्हणजे मागणीअर्जालाच पावती समजणे होय. प्रत्यक्ष जमा आणि खर्च पाहायचा असेल तर त्याच संकेतस्थळावरील जमा-खर्चाच्या नोंदी पाहाव्या लागतात. शिवाय गावात दिसणारा सगळा शासकीय पैसा ग्रामनिधीतून, म्हणजे ग्रामपंचायतीच्या खात्यातून, जात नाही. घरकुलाचे हप्ते आणि रोजगार हमीची मजुरी थेट लाभार्थ्यांच्या बँक खात्यात जाते, आणि गावाला जोडणारा मोठा रस्ता बहुधा वेगळ्याच यंत्रणेने केलेला असतो. त्याचा फलक गावाच्या वेशीवर लागला म्हणून ते पैसे सरपंचाच्या हाती होते असे ठरत नाही.

‘मर्जीप्रमाणे’ हा शब्दही चुकीचा आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) अनुदानातील ६० टक्के रक्कम बंधित होती, म्हणजे ती स्वच्छता आणि पिण्याचे पाणी याच कामांवर खर्चावी लागे. उरलेली ४० टक्के अबंधित असली तरी पगार व आस्थापनेवर खर्चता येत नाही. ही रक्कम अदा करण्यासाठी सरपंच आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) या दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. यामुळे गैरव्यवहार अशक्य होतो असे मुळीच नाही. तो वेगळ्या ठिकाणी होतो. एका कामाचे तुकडे पाडून निविदा टाळणे, मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाच्या मोजणीच्या नोंदवहीत) जास्त लांबी लिहिणे, झालेलेच काम दुसऱ्या योजनेतून पुन्हा दाखवणे, या त्याच्या खऱ्या जागा आहेत. ‘सरपंचाने कोटी खाल्ले’ या आरोळीत त्या झाकल्या जातात आणि ज्याने खरोखर गटाराची लांबी वाढवून लिहिली तो निर्धास्त राहतो.

वर्षभर काम होत नाही, या विधानाबाबत एवढेच म्हणता येईल की ग्रामपंचायतीचे बरेचसे काम चुकल्यावरच दिसते. जन्म-मृत्यूची नोंद, विवाह नोंदणीचा दाखला, नमुना ८चा (घराच्या कर आकारणीचा) उतारा ही कागदी कामे लोकसेवा हक्क कायद्याखाली येतात, म्हणून ती डोळ्यांसमोर असतात. परंतु रोज पहाटे पंप सुरू करून झोनप्रमाणे पाणी सोडणारा कर्मचारी, टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घालून क्लोरीन तपासणारा जलसुरक्षक, पावसाळ्याच्या आधी गटारे उपसणे, साथीच्या दिवसांत धूरफवारणी, पथदिव्यांचे आणि पाणीयोजनेचे वीजबिल, उन्हाळ्यात टंचाई भासली की टँकरचा किंवा खासगी विहीर अधिग्रहणाचा प्रस्ताव पाठवणे, याची बातमी होत नाही. आरोग्य विभाग पाण्याच्या स्रोतांचे सर्वेक्षण पावसाळ्यापूर्वी व नंतर करतो आणि जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतो. आपल्या गावाला या वर्षी कोणते कार्ड मिळाले, हे संदेश पुढे ढकलणाऱ्यांपैकी किती जण सांगू शकतील याची मला शंका आहे.

घरपट्टी न भरण्याचा सल्ला याच कामांवर आघात करतो. वर सांगितल्याप्रमाणे आयोगाच्या पैशातून पगार देता येत नाही. त्यामुळे पाणी सोडणाऱ्याचा आणि सफाई कामगाराचा पगार मोठ्या प्रमाणावर घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीवर अवलंबून असतो, आणि त्यांच्या वेतनासाठी राज्याकडून मिळणारा वाटाही वसुलीच्या प्रमाणाशी जोडलेला आहे. दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा ५ टक्के आणि महिला व बालकल्याणाचा १० टक्के निधी स्वउत्पन्नातूनच निघतो. कर थकवला की सरपंचाच्या आधी हे लोक अडचणीत येतात.

हिशेब विचारायचाच असेल तर त्याची जागा कायद्यानेच नेमून दिली आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत पहिली ग्रामसभा घ्यावी लागते आणि तिच्यापुढे मागील वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, चालू वर्षात योजलेली कामे आणि शेवटची लेखापरीक्षण टिप्पणी तिला दिलेल्या उत्तरांसह ठेवणे बंधनकारक आहे. यातील लेखापरीक्षण टिप्पणी सर्वांत उपयोगी, कारण आक्षेप तिच्यातच लिहिलेले असतात. आणि नेमकी तीच वाचून दाखवण्याचा आग्रह क्वचित धरला जातो. या सभेची गणपूर्ती, म्हणजे सभा चालण्यासाठी लागणारी किमान उपस्थिती, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी आहे. तेवढे लोक जमले नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्यामुळे दहा-पंधरा जणांच्या उपस्थितीत संपूर्ण वर्षाचा जमाखर्च मंजूर होऊ शकतो.