न धरलेले मासे वाया जात नाहीत

मालवणात आयुष्यभर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढलेल्या माझ्या मामांनी परवा एक संदेश पाठवून खाली विचारले, ‘ह्या खरा काय रे?’ अमेरिकेने प्रशांत महासागरातील राखीव समुद्र व्यापारी मासेमारीला खुला केला, न धरलेले मासे म्हातारे होऊन वाया जातात, आणि मालवणचे सागरी अभयारण्य म्हणजे गरिबाच्या जाळ्यावर बंदी, असे त्यात ठासून सांगितले आहे. मामांसारखा जाणता माणूसही अशा मजकुराने संभ्रमात पडतो, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

अमेरिकेची गोष्ट अर्धीच सांगितली आहे. अध्यक्ष ट्रम्प यांनी १७ एप्रिल २०२५ रोजी दुर्गम बेटांभोवतीच्या संरक्षित समुद्रात व्यापारी मासेमारीला मुभा दिली, हे खरे. पण ती ५० ते २०० सागरी मैलांच्या पट्ट्यापुरती होती, आणि तिच्या आधारे मासेमारी लगेच खुली करणारे मत्स्य विभागाने परस्पर काढलेले पत्र हवाईतील संघीय न्यायालयाने ऑगस्टमध्ये बेकायदा ठरवले.

मासे ‘वाया जातात’ हा दावा मात्र सर्वांत निरर्थक आणि सर्वांत घातक आहे. बहुतेक मासे आयुष्यभर वाढत राहतात, आणि मादी जितकी मोठी तितकी तिची अंडी अधिक, तीही बहुतेक जातींत वजनाच्या प्रमाणापेक्षा अधिक. म्हणजे ज्या माशाला हा संदेश निरुपयोगी म्हणतो, तोच पुढच्या हंगामाचे बियाणे असतो. शिवाय राखीव समुद्रातला मासा तिथेच अडकून राहत नाही. हवाईच्या वायव्येला पापाहानाउमोकुआकेआ हे संरक्षित क्षेत्र २०१६ मध्ये सुमारे १५ लाख चौरस किलोमीटरपर्यंत विस्तारले गेले आणि त्यात व्यापारी मासेमारी बंद आहे. बोटींवरील निरीक्षकांच्या नोंदी तपासून ‘सायन्स’ नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झालेला शोधनिबंध सांगतो, की या क्षेत्राच्या सीमेलगत, टाकलेल्या गळांच्या मानाने, पिवळ्या पराचा कुपा (ट्यूना) ५४ टक्क्यांनी आणि मोठ्या डोळ्यांचा कुपा १२ टक्क्यांनी अधिक मिळू लागला. हा लाभ व्यापारी बोटींनाच झाला. एवढ्या अफाट क्षेत्राचे आकडे मालवणच्या २९.१२ चौरस किलोमीटरला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे मान्य. पण ‘वाया जातात’ हे विधान त्या आकड्यांनी पुरते खोटे ठरते.

राहिला मालवणचा मुद्दा. त्या २९ चौरस किलोमीटरपैकी गाभा क्षेत्र, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाचा भाग, जेमतेम ३.१८ चौरस किलोमीटरचे आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम २६अ स्पष्ट सांगते, की प्रादेशिक समुद्र अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताच्या रक्षणाची पुरेशी तजवीज आधी केली पाहिजे, आणि नौकांच्या निरुपद्रवी ये-जा करण्याच्या हक्काला त्यामुळे बाध येत नाही. एक गोष्ट मात्र नाइलाजाने कबूल केली पाहिजे: हे कलम १९९१ च्या दुरुस्तीने आले आणि मालवणचे अभयारण्य १९८७ चे आहे. तेव्हापासून किनाऱ्यावर साचलेला अविश्वास अकारण आहे, असे मी मामांना सांगू शकत नाही.

पण रापणीत तारली आणि बांगडा का उतरत नाही, हे त्यांना विचारले तर ते अभयारण्याचे नाव घेत नाहीत. रात्री किनाऱ्यावरून दिसणाऱ्या एलईडी दिव्यांच्या बोटींकडे बोट दाखवतात. कृत्रिम प्रकाशातील मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ मध्येच बंदी घातली आहे. त्या बोटींविषयी या संदेशात एक शब्दही नाही.