खुलासा : ते रिव्हॉल्व्हर 1857 चं नाही

'1857 च्या उठावातलं रिव्हॉल्व्हर' म्हणून आमच्या पणजोबांच्या हत्याराचा फोटो फिरतोय. मूळ पोस्ट माझीच, घरातल्या ऐकीव गोष्टीवर विसंबून लिहिलेली. चूक माझी.

परवा परवान्याच्या कामासाठी ते पेटीतून काढलं, पुसलं. डाव्या बाजूला स्पष्ट कोरलंय : वेब्ली (बनवणारी ब्रिटिश कंपनी), मार्क, रोमन सहा (म्हणजे सहावं मॉडेल), आणि खाली 1917. हे मॉडेल ब्रिटिश सैन्यानं 1915 साली स्वीकारलं. शिवाय ते बिजागरीवर मोडून उघडतं, पितळी काडतुसं घेतं. 1857 च्या काळातल्या बहुतेक रिव्हॉल्व्हरांत दारू, गोळी आणि ठिणगी देणारी छोटी टोपी वेगवेगळी भरावी लागे. '1857' हे आकडे निघाले अनुक्रमांकातले!

जुना फोटो कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलात त्यांना हे कळवा.