सायन्सच घ्या, कॉलेजात मात्र जाऊ नका

दहावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले? अभिनंदन! बेस्ट ऑफ फाइव्हने नव्वदी गाठलेल्या पोराला आता चुकूनही 'तुला काय आवडतं' असं विचारू नका. नव्वद म्हणजे सायन्स. इतिहास आवडत असेल तर रिटायर झाल्यावर वाचेल.

आर्ट्सचं नाव काढू नका, आजी आजारी आहे.

अकरावीच्या ऑनलाइन अर्जात दहा पसंतीक्रम भरा आणि देवाचं नाव घ्या. २०२५ मध्ये ही प्रक्रिया राज्यभर लागू झाली तेव्हा पोर्टलने पहिल्याच दिवशी मान टाकली होती.

कॉलेज निवडण्याआधी क्लास निवडा. परवा भाचीची कागदपत्रं घेऊन एका कॉलेजात गेले होते. म्हटलं, जरा लॅब बघू का? काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "लॅब कशाला मॅडम? आपलं क्लासशी टाय-अप आहे ना! मुलं डायरेक्ट परीक्षेलाच येतात." आणि हातात क्लासचं माहितीपत्रक दिलं. सायन्सला बायोमेट्रिक हजेरी २०१८ सालीच सक्तीची झाली आहे, म्हणून यंत्र भिंतीवर होतं. बंद. निम्मं टॉपरांच्या फ्लेक्समागे झाकलेलं.

प्रॅक्टिकलचं टेन्शन तर अजिबात घेऊ नका. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीला ३०-३० मार्क असतात आणि जर्नल सीनियरचं मिळतं. टायट्रेशनची रीडिंग्ज त्यात तयार असतात: १०.१, १०.२, १०.१, सी.बी.आर. (म्हणजे पुन्हापुन्हा तेच येणारं रीडिंग) १०.१. उतरवून काढा, सही मिळते. ब्युरेटची तोटी हळूहळू सोडायची, फेनॉल्फ्थॅलीनला फिकट गुलाबी छटा आली की थांबायचं, एक थेंब जास्त पडला की रंग भडक, मग पुन्हा पहिल्यापासून... कोणी सांगितलंय? पण मग हीच पोरं उद्या फार्मसीला जाणार, पॅथॉलॉजीत तुमचंच रक्त तपासणार, आणि थेंब किती पडला हे त्यांनी आयुष्यात एकदाही डोळ्यांनी बघितलेलं नसणार! चालेल ना तुम्हाला? चालतंच आहे म्हणा.

सोळा वर्षांखालच्या मुलांना क्लासने घेऊ नये, असं केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये सांगितलं. तुम्ही सातवीतच 'फाउंडेशन'ला घाला.

आणि हो, ७५ टक्के हजेरीच्या हमीपत्रावर डोळे मिटून सही करा. मुलगा वर्गात फिरकणार नाही हे तुम्हाला माहीत, कॉलेजला माहीत, त्या मुलालाही माहीत. सोळाव्या वर्षी त्याचा पहिला सरकारी कागद खोटा, आणि खाली आईबापांची सही. वर घरी संस्कारांच्या गप्पा!

लाज वाटते का हो जराशी? फी दोन्हीकडे भरता, मग एकदा तरी कॉलेजात जाऊन लॅबचं कुलूप काढायला लावा ना. नाही काढलं तर शिक्षण उपसंचालकांकडे लेखी तक्रार द्या, आणि पोच घ्या. "आमच्या एकट्याच्या तक्रारीने काय होणार" हे मला सांगू नका, कारण परवा त्या कॉलेजच्या रांगेत माझ्या पुढे-मागे उभे असलेले सगळे हेच पुटपुटत होते.