माहलका बाई चंदा: खरी थोरवी आणि फिरणाऱ्या थापा

हैदराबादच्या माहलका बाई चंदाविषयी (1768–1824) एक मजकूर अधूनमधून फिरत येतो. त्याचा सारांश असा: निजामाच्या दरबारात नाचणारी एक गणिका, उर्दूत दीवान असलेली पहिली स्त्री, पुरुषी वेशात रणांगणावर तलवार गाजवणारी आणि उस्मानिया विद्यापीठाला जमीन दान देणारी. ऐकायला चारही गोष्टी झकास. तपासायला गेलं की एकही धड उभी राहत नाही.

‘पहिली’पासूनच सुरुवात करू. दीवान म्हणजे एका कवीच्या गझलांचा रीतसर जुळवलेला संग्रह. लुत्फुन्निसा इम्तियाज हिचा दीवान 1797 सालचा, चंदाच्या दीवानाच्या आधीचा. ही लुत्फुन्निसा म्हणजे औरंगाबादचे शायर असद अली खान तमन्ना यांची पत्नी. पहिलेपणाचा मान द्यायचाच असेल तर तो मराठवाड्यातल्या घरात जातो, आणि नेमकी आपलीच मंडळी हा मजकूर पुढे ढकलत असतात!

काही जण चंदाचा दीवान 1824 चा म्हणून सांगतात. ते तिच्या मृत्यूचं साल. तिच्या दीवानाची हस्तलिखित प्रत ऑक्टोबर 1799 मध्येच कॅप्टन जॉन मॅल्कमच्या हाती पडली होती. महाबळेश्वरची मालकमपेठ ज्याच्या नावानं वसली, पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, तोच हा मॅल्कम. निजामाच्या दरबारातल्या मीर आलमच्या हवेलीत नाच चालू असताना, त्यातल्या मुख्य नर्तकीनं, म्हणजे खुद्द चंदानं, ही प्रत त्याला नजराणा म्हणून दिली, अशी नोंदच त्या प्रतीवर आहे. प्रत आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

आता ‘नाचणारी गणिका’. ती गणिका होती, नाचत होती, यात लपवण्यासारखं काही नाही. पण तेवढंच सांगून थांबणं म्हणजे तिचं गाणं आणि लेखणी दोन्ही गिळून टाकणं. तिचे उस्ताद खुशहाल खान अनूप, ध्रुपद-खयालाच्या परंपरेतले. तिच्या दीवानात 125 गझला आणि प्रत्येक गझल पाच शेरांची, म्हणजे दोन-दोन ओळींच्या पाच कडव्यांची. आणि 125 म्हणजे पाच गुणिले पाच गुणिले पाच. हा योगायोग नसावा. पंजतन म्हणजे पैगंबर, अली, फातिमा, हसन आणि हुसेन. शिया श्रद्धेत पाचाला केवढा मान! शेवटच्या शेरात, जिथे शायर स्वतःचं नाव गुंफतो, तिथे चंदा वारंवार अलीला साद घालते. आधीच्या चार शेरांत मद्य, विरह, प्रियकराचे नखरे आणि पाचव्यात एकदम मौला अली. ही वळणं तिनं मैफलीचा अंदाज घेऊनच घातली असावीत, असं मला वाटतं. पाच शेर बैठकीत गायला आटोपशीर, आणि ऐकणाऱ्याचं लक्ष शेवटच्या ओळीवरच खिळलेलं असतं. शिवाय हीच बाई पदरचे पैसे घालून गुलाम हुसेन खान जौहरकडून ‘माहनामा’ हा इतिहासग्रंथ लिहून घेते. दरबाराचा इतिहास लिहवून घेणारी व्यक्ती त्या दरबाराच्या शोभेची वस्तू कशी असेल?

तलवारीचं म्हणाल तर ती घोड्यावर बसायची, तिरंदाजी शिकली होती, दुसरा निजाम, निजाम अली खान याच्या स्वाऱ्यांत त्याच्याबरोबर असायची. तिला जहागिरीही मिळाल्या. यावरून तिनं रणांगण गाजवलं असं म्हणणं म्हणजे छावणीत असलेल्या प्रत्येकाला शिलेदार करणं झालं.

राहिलं उस्मानिया. विद्यापीठ स्थापन झालं 1918 साली, सातव्या निजामाच्या काळात. बाईंना जाऊन तेव्हा 94 वर्षं झाली होती. विद्यापीठ ज्या भागात आहे, त्या अडीकमेटच्या बाजूची जमीन कधी काळी तिच्या जहागिरीत होती, असं सांगतात. तेवढ्या धाग्यावर कुणीतरी दानपत्र विणलं, झालं.