वान मूरला ‘म्हातारा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

बेल्जियमचा फुटबॉलपटू विलफ्रीड वान मूर याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "चौतिसाव्या वर्षी कॅफे चालवणाऱ्या म्हाताऱ्याला संघात घ्यावं लागलं, यातच बेल्जियमची लायकी कळते. लेखकाने फुटबॉल टीव्हीवरच पाहिलेला दिसतो." खाली त्याच्या प्रशिक्षकपदावरही चार ओळी आहेत.

आधी माझी चूक. इटलीविरुद्धचा ज्या सामन्यात त्याचा पाय मोडला, तो १९७२चा होता, मी १९७१ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

आता ‘म्हातारा’ या शब्दाबद्दल. मत वेगळं असू द्या, माझी काही हरकत नाही. पण हा माणूस २०२१ साली गेला. गेलेल्या माणसाविषयी असं तोंड सोडून बोलायचं, ही कुठली पद्धत? तुमच्या घरी वडीलधारी माणसं असतीलच ना?

आणि लायकीच काढायची तर १९८०च्या युरोच्या, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या, पात्रता फेरीचे निकाल बघा. बेल्जियमचे पहिले चारही सामने बरोबरीत सुटले होते. १९७९मध्ये प्रशिक्षक गी थाइस यांनी वान मूरला परत बोलावलं. तेव्हा तो बेरिंगेनसारख्या लहान क्लबात खेळत होता. मग स्कॉटलंडला घरच्या मैदानावर २-० आणि ग्लासगोत जाऊन ३-१ हरवलं. १९८०च्या युरोत इंग्लंडशी बरोबरी, स्पेनवर मात, रोममध्ये इटलीला गोल करू दिला नाही आणि थेट अंतिम सामना. तिथेही पश्चिम जर्मनीच्या ह्रुबेशने अगदी शेवटी हेडर मारला म्हणून १-२ हार. त्या वर्षीच्या बॅलन डी'ऑरच्या, म्हणजे तेव्हाच्या युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या पुरस्काराच्या, मतदानात रुमेनिगे, शुस्टर, प्लाटिनी आणि चौथा हा पस्तिशीचा वान मूर. मत देणारे युरोपभरचे पत्रकार होते, बेल्जियमचे चाहते नव्हेत.

"टीव्हीवरच" म्हणालात, ते मात्र लागलं. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघातून सात वर्षं खेळलोय. एका सामन्यात समोरच्याचा बूट नडगीवर बसला. आवाज आधी ऐकू आला, दुखणं मागून आलं. मोज्यातून हाड वर आलेलं दिसत होतं. प्लास्टर निघालं तेव्हा पाय काठीसारखा बारीक झाला होता. परत मैदानात उतरलो तर समोरून कुणी धावत आला की पाय आपोआप मागे जायचा. कितीही ठरवलं तरी जायचा. दोन महिन्यांनी मीच थांबलो.

वान मूरचा पाय १९७२च्या युरो उपांत्यपूर्व सामन्यात इटलीच्या बेर्तिनीच्या टॅकलने मोडला, तोही त्याने बेल्जियमचा पहिला गोल केल्यावर. त्यानंतरही तो राष्ट्रीय संघात परतला आणि मधल्या फळीत जाऊन चेंडू मागत राहिला. पाय मागे न घेता. चेंडू मागणं म्हणजे काय असतं, हे कधी तुमच्या वाट्याला आलंय का? मला कळतं, म्हणून मी तो लेख लिहिला.

प्रशिक्षक म्हणून १९९६मध्ये त्याला राष्ट्रीय संघाचे पाचच सामने मिळाले, शेवटी हॉलंडने ३-० हरवलं. बरं, मग? लेख खेळाडूवर होता. त्या चार ओळींत वाद घालण्यासारखं मला काही दिसलं नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही. ‘म्हातारा’ हा शब्द तेवढा तुम्हीच काढा.