सत्तर तासांच्या हिशेबात न धरलेले तास

आमच्या ठाण्यातल्या कासारवडवलीच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेल्या वर्षभरात एकच मजकूर तीनदा येऊन गेला आणि दर वेळी त्याखाली टाळ्यांची चित्रे उमटली. मजकुराचा आशय असा: युद्धात बेचिराख झालेले जपान आणि जर्मनी तिथल्या तरुणांनी आठवड्याला ७० तास राबून उभे केले; जास्त तास म्हणजे जास्त काम; कष्टाने कोणी मरत नाही, आपले आजोबा गिरणीत राबूनही ठणठणीत राहिले; रविवारची सुटी हे इंग्रजांनी लावून दिलेले खूळ आहे; आणि ज्याला कामाची आवड असते तो घड्याळाकडे पाहत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटले आणि जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे आठवड्याला ९० तास काम करण्याविषयीचे बोलणे गाजले, तेव्हापासून या विचाराला मोठ्या नावांचा आधार मिळाला आहे. तो मजकूर पाठवणारी माणसे माझे शेजारी आहेत आणि आपली मुले पुढे जावीत एवढीच त्यांची इच्छा आहे, हे मी जाणतो. परंतु त्यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकीचा आहे आणि त्याची झळ त्याच मुलांना लागते आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

जपान आणि जर्मनीतील लोकांनी युद्धानंतर अपार मेहनत घेतली, यात वाद नाही. मात्र पश्चिम जर्मनीला युरोपच्या उभारणीसाठी अमेरिकेने आखलेल्या मार्शल योजनेची मदत मिळाली होती, १९५३ च्या लंडन करारात तिचे जवळजवळ निम्मे परकीय कर्ज माफ झाले होते आणि शिकलेले कुशल कामगार तिच्याकडे युद्धाआधीपासून होते. जपानमध्ये जमीन सुधारणा झाल्या आणि कोरियन युद्धाच्या काळात अमेरिकेच्या मागणीमुळे तिथल्या कारखान्यांना काम मिळाले. शिवाय देशाची उभारणी चालू असतानाच, १९५६ च्या कामगार दिनी, जर्मन कामगार संघटनांच्या महासंघाने पाच दिवसांच्या, ४० तासांच्या आठवड्याची मागणी पुढे ठेवली. तिच्या भित्तिपत्रकावरचा लहान मुलगा म्हणत होता, ‘शनिवारी बाबा माझे’. आज जर्मन कामगार वर्षाला सरासरी साडेतेराशे तासांच्या आसपास काम करतो आणि विकसित देशांच्या यादीत हा आकडा सर्वांत कमी आहे. जपानकडे तर अतिकामाने येणाऱ्या मृत्यूसाठी ‘कारोशी’ असा स्वतंत्र शब्दच आहे. १९६९ मध्ये एका वृत्तपत्राच्या रवानगी विभागातील २९ वर्षांचा कर्मचारी पक्षाघाताने गेला आणि तिथून या मृत्यूंची नोंद सुरू झाली. २०१४ मध्ये जपानला कारोशी रोखण्यासाठी कायदा करावा लागला आणि एप्रिल २०१९ पासून मोठ्या कंपन्यांतील जादा कामावर सर्वसाधारणपणे महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तासांची मर्यादा आली.

जास्त तास म्हणजे जास्त काम, हे गणित दिसायला सरळ असले तरी प्रत्यक्षात जुळत नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील दारूगोळा कारखान्यांत तासांची आणि उत्पादनाची काटेकोर नोंद ठेवली जात होती. तिथे काम करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. स्टॅनफर्ड विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ जॉन पेनकॅव्हल यांनी त्या नोंदी पुन्हा तपासून २०१४ मध्ये जो निष्कर्ष मांडला, त्यानुसार आठवड्याला सुमारे ५० तासांनंतर दर तासाचे उत्पादन घसरू लागते आणि ७० तास राबलेल्या आठवड्याचे उत्पादन ५६ तासांच्या आठवड्यापेक्षा फारसे वेगळे नसते. म्हणजे वरचे १४ तास त्या बायका नुसत्या झिजत होत्या. तोफगोळे मोजता येतात म्हणून तिथे हे दिसून आले. कार्यालयात रात्री ११ वाजता झालेली चूक दुसऱ्या दिवशी सकाळी दोन तास खर्चून निस्तरली जाते, तेव्हा ते दोन तासही मेहनतीच्याच खात्यात जमा होतात.

‘कष्टाने कोणी मरत नाही’ या वाक्यापाशी मात्र मला थांबावेच लागते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मे २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. एकट्या २०१६ मध्ये जगभरात ७ लाख ४५ हजार माणसे अशा लांबलेल्या कामाशी जोडलेल्या पक्षाघाताने आणि हृदयविकाराने गेली, असा त्या अभ्यासाचा अंदाज आहे.

हे आकडे दूरचे वाटत असतील, तर आमच्या फाटकावरची वही पाहावी. मी सोसायटीचा सचिव असल्यामुळे रात्री ११ नंतर आत येणाऱ्या गाड्यांची नोंद दर महिन्याला माझ्याकडे येते. गेल्या पावसाळ्यात ऐरोलीच्या एका कार्यालयात काम करणाऱ्या एका मुलाच्या दुचाकीपुढे ओळीने १२.१०, १२.४५, १.२०, १२.५५ अशा वेळा होत्या आणि सकाळी गाडी बाहेर पडण्याची वेळ रोज आठच्या आसपासच होती. एका रात्री तो फाटकासमोरच्या स्पीडब्रेकरवर पडला. वॉचमनने मला खाली बोलावले तेव्हा तो पायरीवर हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता आणि डावा हात त्याला उचलता येत नव्हता. मला म्हणाला, “काका, डोळे उघडेच होते, पण स्पीडब्रेकर दिसलाच नाही.” त्याच्या पाठीवरच्या पिशवीतला डबा भरलेलाच होता. आईने तो उघडला, आंबलेली भाजी काढून टाकली आणि एक शब्दही न बोलता बराच वेळ डबा घासत राहिली. कॉलरबोन मोडले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या वरिष्ठांचा निरोप आला, लॅपटॉप जवळ आहे का, एवढेच विचारणारा.

त्या रात्री तो दारू प्यायलेला नव्हता. तरीही १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले होते, की सलग १७ तास जागा असलेल्या माणसाची हात आणि नजर यांची सांगड रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते. आपल्याकडे वाहन चालवणाऱ्यासाठी मद्याची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. सकाळी सातला उठून मध्यरात्रीनंतर घोडबंदर रस्त्याने घरी येणारी मुले रोज ती मर्यादा ओलांडल्यासारख्या अवस्थेत येत असतात आणि त्यांना कोणी अडवत नाही.

आजोबांचा दाखला तर इतिहास उलटा करून दिलेला आहे. गिरणी कामगारांची पहिली पिढी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबत होती, हे खरे. पण ते तिने मुकाट्याने सोसले नाही. १८४८ मध्ये याच ठाण्यात जन्मलेले कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. आठवड्याला एक दिवस सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि कामाच्या वेळेला मर्यादा, एवढे त्यांचे मागणे होते. सुटी मान्य व्हायला १० जून १८९० हा दिवस उजाडावा लागला. तेव्हा रविवार हे इंग्रजांचे खूळ नसून आपल्याच माणसांनी सहा वर्षे झगडून मिळवलेला हक्क आहे, आणि ठाणेकरांनी तरी तो मजकूर पुढे पाठवण्याआधी लोखंड्यांचे नाव आठवायला हवे. पुढे १९११, १९२२ आणि १९३४ च्या कायद्यांनी तास टप्प्याटप्प्याने कमी होत गेले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे आणलेल्या दुरुस्तीने १९४६ मध्ये आठवड्याची मर्यादा ५४ वरून ४८ तासांवर आली, आणि १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ती कायम करून जादा कामाला दुप्पट मोबदला ठरवला.

माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला जात. भोंगा झाला की यंत्र दुसऱ्याच्या हाती जाई, आणि चारच्या सुमारास ते घरी येऊन चहा घेत. आठवड्यातून दोनदा ते मराठी ग्रंथसंग्रहालयात पुस्तक बदलायला मला सोबत नेत. कष्टाळू म्हणून त्यांचे नाव होते. आजच्या तरुणाला त्यांचे उदाहरण द्यायचे असेल, तर त्या चार वाजताच्या चहासकट द्यावे.

आवडीचा मुद्दा थोडक्यात आटोपता येईल. स्वतःच्या उद्योगात रात्र जागवणारा मालक आणि ठरलेल्या पगारावर जागणारा कर्मचारी यांच्या जागरणाचे फळ सारखे नसते. कंपनी वाढली की पहिल्याचा वाटा वाढतो आणि दुसऱ्याचे उद्दिष्ट.

त्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा, की हे ७० तास कोणाच्या दिवसातून काढले जातात. आठवड्याचे सहा दिवस धरले तर रोजचे ११ तास ४० मिनिटे होतात. आमच्याकडून अंधेरीला जाण्या-येण्यात तीन तास जातात. सात तास झोप घेतली तर आंघोळ, जेवण, मुले, आईवडील, आजारपण या सगळ्यासाठी २ तास २० मिनिटे उरतात. एवढ्यात घर चालत नाही; ते दुसरे कोणीतरी चालवत असते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार स्वतःच्या घरचे काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटे. ज्या घरात ती बाईही नोकरी करते, तिथे मजकुरातली शिकवण तिने कशी पाळायची, हे कोणी सांगत नाही.

आणि नुसत्या तासांनीच माणूस वर येत असता, तर आमचे वॉचमन केव्हाच वर आले असते. सकाळी आठ ते रात्री आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ अशा बारा बारा तासांच्या दोन पाळ्यांत ते काम करतात. सुटी घेतली की त्या दिवसाचे पैसे कापले जातात म्हणून ते सुटी घेत नाहीत. आठवड्याचे ८४ तास भरतात. १४० सदनिकांच्या आमच्या सोसायटीत हे वर्षानुवर्षे चालू आहे आणि त्यात मीही सचिव म्हणून दर महिन्याला सही करत आलो आहे.

येत्या सर्वसाधारण सभेत आठ आठ तासांच्या तीन पाळ्या आणि आठवड्याची भरपगारी सुटी यांचा ठराव मी मांडणार आहे. आताच्या कोणाचाही पगार कमी न करता दोन फाटकांवर दोन माणसे वाढवली आणि सुटीच्या दिवशी बदली माणूस ठेवला, तर प्रत्येक सदनिकेमागे महिन्याला सुमारे ४०० रुपयांचा भार येतो. तो आकडा सभेच्या सूचनेत लिहिला आहे आणि वेळांची वही कार्यालयात पाहण्यासाठी ठेवली आहे.