रहाट फिरवणारे हात

८ ऑगस्ट २०२४ला कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी बांधलेलं हे ‘पॅलेस थिएटर’ पुन्हा उभं करताना जुनं हुबेहूब हवं की आधुनिक, आणि कोटी किती, यावर आमच्या घरात फोनवरूनही वाद होतो. मी स्टॉकहोममध्ये राहते. त्या वादात मला इथलं ड्रॉटनिंगहोम राजवाड्याच्या आवारातलं नाट्यगृह आठवत राहतं.

तेही १७६२मध्ये जळालं होतं. राणी लोविसा उल्रिकाने १७६६मध्ये नवं उभं केलं, तेही काटकसरीने. आतला संगमरवर म्हणजे रंगवलेलं लाकूड, आणि बरीचशी नक्षी कागदाच्या लगद्याची. खरी श्रीमंती रंगमंचाखाली आहे. तिथे माणसं जहाजावरच्यासारखा मोठा रहाट फिरवतात, दोर ताणले जातात, दोन्हीकडच्या विंगा एकदम सरकतात आणि काही क्षणांत, आपल्या डोळ्यांदेखत, बागेचा तुरुंग होतो. समुद्राच्या लाटा म्हणजे पिळाचे लाकडी रूळ. ढगांचा गडगडाट दगड भरलेल्या पेटीतून येतो. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

१७९२मध्ये राजा गुस्ताव तिसरा याचा खून झाला आणि नाट्यगृह मुकं झालं. १९२१मध्ये आग्ने बायर या अभ्यासकाला ते जवळजवळ जसंच्या तसं सापडलं. दोर बदलले, वीज आणली, आणि पुढच्याच वर्षी पडदा उघडला.

हे सगळं महाग आहे. आत गरम करण्याची सोय नाही, म्हणून ऑपेरा फक्त उन्हाळ्यात. खुर्च्या जेमतेम चारशे. सरकारी अनुदानाशिवाय भागत नाही. इतक्या थोड्या लोकांसाठी इतका पैसा का, हा प्रश्न रास्तच आहे. पण रहाट फिरवण्याचं कसब एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातं, ते त्या पैशावर. म्हणून तो मला मुळीच वाया गेलेला वाटत नाही.

आपल्या वादात हा माणूस येतच नाही. बालगंधर्वांचे शालू, अत्तरं आणि त्यांच्या मंडळीचं कर्ज सगळ्यांना ठाऊक असतं. कोल्हापूरच्याच आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, हेही निदान जाणकार सांगतात. पण ते पडदे वर ओढणारे कोण होते? आज विंगेत रात्री दोनपर्यंत सेट उतरवून टेम्पोत भरणाऱ्यांना काय मिळतं? नव्या इमारतीच्या खर्चात त्यांच्या पगाराची आणि त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या चार मुलांच्या विद्यावेतनाची तरतूद आहे का, हे मी आता घरी फोन केला की विचारते.